लिहून दिलें आहे

माझ्या टेबलाच्या खणांत फिकट हिरव्या पुठ्ठ्याची एक फाइल आहे. तींत ४७ पानें आहेत, आणि त्या ४७ पानांत माझ्या थोरल्या बहिणीच्या आयुष्याचे अखेरचे चार दिवस आहेत. ताई ६३ वर्षें जगली. तिनें किती भाकरी थापल्या, किती लेकरांचीं नाकें पुसलीं, किती पहाटे ती दंवांतून मळ्याकडे गेली, याची नोंद कोणी ठेवली नाहीं. अखेरच्या चार दिवसांत मात्र तिचा ताप कोणत्या वेळीं किती होता, तिला किती सलाईन दिलें, नाडीचे ठोके किती पडत होते, हें सारें तासातासानें लिहिलेलें आहे. जिच्याबद्दल आयुष्यभर कोणी एक ओळ लिहिली नाहीं, तिच्याबद्दल इतकें लिहिलें गेलें. आणि जी एक ओळ पुन्हा लिहावयास हवी होती ती तेवढी राहून गेली!

मी शाळामास्तर. नगरच्या एका शाळेंत ३२ वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. दुसऱ्याच्या चुका लाल शाईनें दाखविण्याचा धंदा इतकीं वर्षें केल्यावर माणसाला एक भ्रम होतो. त्याला वाटूं लागतें कीं, चूक ही नेहमीं दुसऱ्याच्या वहींत असते. हा भ्रम माझ्यापुरता कसा नाहींसा झाला, तें आज सांगणार आहें.

ताईचें सासर नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठीं. उसाचा मळा, दोन म्हशी, मोठें खटलें. दरवर्षीं भाऊबीजेला ती एस. टी.नें नगरला येई. निघण्यापूर्वीं पैसाच्या खांबाला नमस्कार करून तेथला अंगारा माझ्यासाठीं पुडींत बांधून आणी. २०२१ सालची भाऊबीज ६ नोव्हेंबरला होती. ओवाळणें आटोपून आम्ही फराळाला बसलों होतों, तोंच शेजारचा मुलगा धांवत येऊन सांगूं लागला कीं सिव्हिल हॉस्पिटलला आग लागली आहे. करोनाच्या रुग्णांसाठीं असलेल्या अतिदक्षता विभागांतली ती आग. त्या दिवशीं ११ रुग्ण प्राणास मुकले. जेथें त्यांना जगविण्यासाठीं नेलें होतें, तेथेंच त्यांना मरण आलें.

ताईनें हातांतली करंजी तशीच ताटांत ठेवली. "आता याची जबाबदारी कोण घेणार रे?" एवढेंच ती म्हणाली. पुढें कांहीं अधिकारी निलंबित झाले, एक डॉक्टर व तीन परिचारिका यांना अटक झाली. आणि मोठ्यांना सोडून लहानांना धरलें म्हणून डॉक्टर-परिचारिकांनींच निषेध केला. हें सारें मीं तिला फोनवर वाचून दाखविलें. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे उत्तर मिळालंच नाही म्हण!"

पुढच्याच श्रावणांत तें वाक्य आमच्या घरीं मुक्कामाला आलें.

मळ्यांत खुरपतांना ताईच्या पायांत बाभळीचा काटा मोडला. तिनें नेहमींप्रमाणें हळद दाबली आणि कामाला लागली. चौथ्या दिवशीं पाय पोटरीपर्यंत सुजून लाल झाला, थंडी वाजून ताप भरला, आणि दाजी तिला घेऊन नगरला आले. आम्हीं तिला एका खाजगी इस्पितळांत दाखल केलें. त्या इस्पितळाचें नांव येथें देत नाहीं. तें सांगण्याची जागा निराळी आहे, आणि त्या जागीं तें सांगितलें आहे.

दाखल करून घेणारा डॉक्टर तरुण आणि नीटनेटका होता. "कोणतें औषध बाधतें का?" म्हणून त्यानें विचारलें. मीं सांगितलें कीं, तीस वर्षांपूर्वीं गांवीं पेनिसिलिनचें इंजेक्शन दिल्यावर हिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, घसा आवळला होता आणि जीव जातां जातां राहिला होता. त्यानें ताबडतोब लाल शाईचें पेन काढलें आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर ती गोष्ट ठळक अक्षरांत लिहून तिच्याखालीं रेघ ओढली. लाल शाई पाहून माझ्यांतला मास्तर प्रसन्न झाला. आतां काळजीचें कारण नाहीं, असें मला वाटलें.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशीं वरच्या मजल्यावर एक खोली मोकळी झाली, म्हणून ताईला खालच्या वॉर्डांतून तेथें हलविलें. खाटेबरोबर कागदही बदलले. नवा तक्ता सुरू झाला. जुनीं पानें त्याच्या मागें टांचलीं गेलीं. त्या रात्रीं ताप पुन्हा चढला. मोठ्या डॉक्टरांना फोन झाला, त्यांनीं दुसरें औषध सांगितलें. रात्रीं दीड वाजून गेल्यावर एक सिस्टर तें औषध घेऊन आली. मी खाटेशेजारच्या बांकावर दोन रात्रींच्या जागरणानें पेंगत पडलों होतों. पुढें काय झालें तें क्रमानें सांगेन. त्या क्षणाविषयीं मात्र मला नंतर, त्याच्या योग्य जागीं सांगूं द्या. इंजेक्शन दिल्यावर चार-पांच मिनिटांत ताई उठून बसूं लागली. तिनें गळ्याला हात लावला, माझ्याकडे पाहिलें, आणि तिला बोलतां येईना. मी ओरडत बाहेर धांवलों. धांवाधांव झाली, दिवे लागले, मला खोलीबाहेर काढण्यांत आलें. पहाटे तीनच्या सुमारास एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "हृदय बंद पडलें."

या वाक्याइतकें निरर्थक वाक्य मीं आयुष्यांत दुसरें ऐकलेलें नाहीं. मरतांना कोणाचें हृदय बंद पडत नाहीं?

सकाळीं गांवाकडून दोन जीपगाड्या भरून माणसें आलीं. भाच्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलें होतें. दारांतली कांच फोडावी, डॉक्टरला बाहेर ओढावें, अशी भाषा सुरू झाली. मीं त्यांना आवरलें. इस्पितळावर वा तेथल्या माणसांवर हात टाकणें हा २०१० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें गुन्हा आहे, हें मला ठाऊक होतें. पण तेवढ्यासाठींच मीं त्यांना आवरलें असें नव्हे. एकदां दगड पडला कीं प्रश्न विचारणारे आपण उरत नाहीं. आपण आरोपी होतों, आणि ज्याच्याकडून उत्तर घ्यावयाचें तो फिर्यादी होतो. इतकें बोलून मीं पोरांना शांत केलें. दाजी एका कोपऱ्यांत पागोटें मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनीं एक शब्द काढला नाहीं.

तेरावा झाल्यावर मीं इस्पितळाला साधा अर्ज लिहिला कीं, आमच्या रुग्णाचे सर्व कागद मिळावे. पुष्कळांची समजूत असते कीं ते कागद इस्पितळाच्या मालकीचे, आपल्याला ते कोण देणार! परंतु वैद्यकव्यवसायाच्या आचारासंबंधींचे जे नियम २००२ सालीं झाले, त्यांत रुग्णानें वा त्याच्या अधिकृत माणसानें मागितल्यापासून ७२ तासांच्या आंत कागद द्यावे, आणि आंतररुग्णाचे कागद तीन वर्षें जपून ठेवावे, असें स्पष्ट सांगितलेलें आहे. तिसऱ्या दिवशीं मला ४७ पानांची नक्कल मिळाली.

तीं पानें मीं रात्रभर वाचलीं आणि मला कांहींएक कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तीं घेऊन मी आमच्या आळींतल्या एका वृद्ध डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं व्यवसाय सोडून दहा वर्षें झालेलीं होतीं. खिडकीशीं बसून, भिंग हातीं घेऊन, त्यांनीं एकेक पान सावकाश उलटलें. मग पहिलें पान आणि एकतिसावें पान शेजारीं शेजारीं ठेवून ते म्हणाले, "मास्तर, हें पाहा."

पहिल्या पानावर ती लाल ओळ होती. एकतिसाव्या पानावर, नव्या खोलींतल्या तक्त्यावर, बाधणाऱ्या औषधांची चौकट कोरी होती. रात्रीं दिलेल्या औषधाचें नांव निराळें होतें. पण डॉक्टरांनीं सांगितलें कीं तें पेनिसिलिनच्याच कुळांतलें. आडनांव बदललें तरी रक्त तेंच! ज्याच्या शरीराला हें कूळ मानवत नाहीं, त्याचा रक्तदाब कांहीं मिनिटांत कोसळतो आणि श्वासनलिका आवळत जाते. त्यावर खरा उतारा एकच, ॲड्रिनलिन. तें मांडीच्या स्नायूंत तत्काळ टोंचावें लागतें, आणि तेथें मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. तक्त्यावर इंजेक्शनची वेळ १ वाजून ४० मिनिटें होती. डॉक्टर आल्याची वेळ २ वाजून ५ मिनिटें. ॲड्रिनलिन त्यानंतर.

"म्हणजे चूक झाली?" मीं विचारलें.

वृद्ध डॉक्टरांनीं भिंग खालीं ठेवलें. "चुका माझ्या हातूनही झाल्या आहेत, मास्तर. निदान चुकलें, शस्त्रक्रिया फसली, रोगानेंच दगा दिला. त्याला मी अपराध म्हणणार नाहीं. पण येथें विद्या कमी पडलेली नाहीं. येथें मागचें पान उलटून पाहिलेलें नाहीं. या दोन गोष्टी एक नव्हेत."

मला माझ्या वह्या आठवल्या. अवघड गणित चुकणारा मुलगा आणि फळ्यावरचें गणितच चुकीचें उतरून घेणारा मुलगा, या दोघांना मीं कधीं सारखें मानलें नव्हतें. कायदाही तेंच म्हणतो, हें मला पुढें वकिलांकडे समजलें.

हे वकील जिल्हा न्यायालयांत काम करणारे, वयानें माझ्यापेक्षां लहान, बोलण्यांत संथ. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्हांला काय हवें आहे? शिक्षा, पैसा, कीं उत्तर?" मीं म्हटलें, "तीन निराळीं आहेत का?" ते हंसले आणि म्हणाले, "तिघांचीं दारें निराळीं आहेत."

शिक्षेचें दार फौजदारीचें. निष्काळजीपणानें मृत्यु घडविण्याचें जें कलम पूर्वीं दंडविधानांत ३०४ अ होतें, तें १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेंत १०६ वें झालेलें आहे. पण डॉक्टरला त्याखालीं आणावयाचें तर साधा निष्काळजीपणा पुरत नाहीं. तो ढोबळ, अक्षम्य असावा लागतो. तसेंच, खटला चालविण्यापूर्वीं त्याच विद्येंतल्या निःपक्षपाती जाणकाराचें मत घ्यावें आणि डॉक्टरला उगाच अटक करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यांत सांगितलें. दुसरें दार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेचें. तेथें डॉक्टरच्या वर्तनाची चौकशी होते, त्याचें नांव नोंदवहींतून कांहीं काळ वा कायमचें काढलें जाऊं शकतें. भरपाई मात्र तेथें मिळत नाहीं. तिसरें दार ग्राहक आयोगाचें. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्यांत येते, असा निर्णय १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं झाला, आणि तेव्हांपासून सामान्य माणसाला हें दार उघडें झालें. २०१९ च्या नव्या कायद्यानें तर आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार देतां येते. मुदत दोन वर्षांची. "दुःख ओसरल्यावर पाहूं, असें म्हणणाऱ्यांचीं दोन वर्षें फार लवकर जातात," वकील म्हणाले.

मग त्यांनीं मला दोन जुने खटले सांगितले. दोन्ही आपल्याच मुलखांतले.

पहिला जोशी विरुद्ध गोडबोले या नांवानें वकिलांच्या जगांत प्रसिद्ध आहे. मे १९५३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या वाळवंटावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवच्या डॉक्टरनें पायाला लांकडी फळ्या बांधल्या, आणि तिसऱ्या दिवशीं टॅक्सींतून लांबचा प्रवास करून त्याला पुण्यास आणलें. तेथें मॉर्फियाचें इंजेक्शन देऊन, पण रीतसर भूल न देतां, माणसांकडून पाय जोरानें ओढवून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला व प्लॅस्टर घातलें गेलें. मुलगा संध्याकाळीं गुंगींतून बाहेर येईल, या भरंवशावर वडील दौंडला परतले. आई उशाशीं राहिली. रात्रीं नऊच्या सुमारास मुलगा गेला. दाखल्यावर कारण लिहिलें गेलें तें रक्तांत शिरलेल्या चरबीच्या कणांचें. न्यायालयांना पटलें तें कारण निराळें होतें : भूल न देतां लावलेल्या जोरानें बसलेला धक्का. वडिलांना ३,००० रुपये भरपाई मिळाली. डॉक्टर अपिलांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ सालीं तेथेंही हरले. त्या निकालांत डॉक्टरचीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत : रुग्ण हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना काळजी, कोणता उपचार करावा हें ठरवितांना काळजी, आणि तो उपचार करतांना काळजी. फार मोठें कौशल्य नको, पण अगदीं थोडकी काळजीही चालावयाची नाहीं. त्या विद्येंत सामान्यतः अपेक्षित असते तेवढी हवी. हें वाचल्यावर मला वाटलें, मुलांकडून मी याहून अधिक काय मागत होतों?

दुसरा खटला आमच्या शेजारच्या औरंगाबादचा. त्या शहराला आज छत्रपति संभाजीनगर म्हणतात. १९६३ च्या जुलैंत तेथल्या सरकारी इस्पितळांत एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनीं तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच ताप आणि असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलैला दुसऱ्या शल्यवैद्यानें जखम पुन्हा उघडून पाहिली, तेव्हां पोटांत रक्त टिपण्याचा टॉवेल राहिलेला सांपडला. २४ जुलैला ती बाई वारली. नवऱ्यानें दावा लावला. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं तो पुन्हा कायम केला आणि सांगितलें कीं, पोटांतला टॉवेल स्वतःच बोलतो. त्याला वेगळा साक्षीदार नको. शिवाय इस्पितळ चालविणें हें कांहीं राजसत्तेचें असें कार्य नव्हे कीं तेथल्या चुकीबद्दल सरकारला विचारतांच येऊं नये. अच्युतराव खोडवा यांच्या नांवानें हा निकाल ओळखला जातो. मृत्यूपासून निकालापर्यंत ३३ वर्षें गेलीं!

तीन हजारांसाठीं पंधरा वर्षें, छत्तीस हजारांसाठीं तेहतीस वर्षें. व्यवहारी माणूस म्हणेल, हा आतबट्ट्याचा धंदा. मलाही प्रथम तसेंच वाटलें. पण घरीं परततांना लक्षांत आलें कीं, त्या माणसांनीं पैशांसाठीं इतकीं वर्षें काढलीं नसावीं. एका दाखल्यावर एक कारण लिहिलें होतें आणि खरें कारण दुसरें होतें. तें खरें कारण कोणीतरी अधिकारानें, मोठ्यानें, सर्वांदेखत वाचून दाखवावें, एवढ्यासाठीं माणूस न्यायालयाची पायरी झिजवितो. इस्पितळाच्या व्हरांड्यांत जर कोणी आमच्यासमोर खुर्ची ओढून बसला असता आणि म्हणाला असता, "हें असें घडलें," तर कदाचित् मीं तो अर्जही लिहिला नसता.

हा प्रश्न आजचाही नव्हे. जिवावर बेतेल असा उपचार आधीं न कळवितां सुरू केला आणि रोगी दगावला, तर वैद्याला दंड करावा, आणि वैद्याच्या कृतीच्याच दोषानें दगावला असेल तर अधिक मोठा दंड करावा, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वींही 'न सांगणें' आणि 'न जपणें' हे दोन अपराध निराळे मोजले जात होते.

पण यावरून कोणी मला डॉक्टरांचा द्वेष्टा समजूं नये. माझ्या याच जिल्ह्यांत, जामखेडला, डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० पासून खेड्यांतल्या अल्पशिक्षित, पुष्कळदां निरक्षर अशा बायकांच्या हातीं आरोग्याचें ज्ञान दिलें. डॉक्टरची विद्या झांकून ठेवली म्हणजे मोठी होते असें नाहीं. ती वांटल्यानें माणसें वांचतात, हें त्यांनीं दाखविलें. इस्पितळाच्या तक्त्यावरची कोरी चौकट पाहतांना मला जामखेडची आठवण होई. तशा एखाद्या आरोग्यसेविकेला त्या रात्रीं ताईशेजारीं बसविलें असतें, तर ती नक्कीच पेंगली नसती, आणि पेंगली असती तरी योग्य तें बोलली असती.

आतां त्या क्षणाकडे येतों.

वकिलांनीं शेवटीं विचारलें, "त्या रात्रीं रुग्णाजवळ कोण होतें?"

"मी."

"काय घडलें तें जसेंच्या तसें सांगा."

मी सांगूं लागलों आणि एका जागीं अडखळलों. ताई गेल्यापासून तें मीं कोणाला सांगितलें नव्हतें; पत्नीलाही नाहीं. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली तेव्हां तिनें हलक्या आवाजांत मला विचारलें होतें, "काका, यांना कुठलं औषध बाधत नाही ना?" आणि मीं डोळेही न उघडतां म्हटलें होतें, "सगळं लिहून दिलं आहे." इतकें म्हणून मीं कूस बदलली.

पांच शब्द बोलावयाला हवे होते : हिला पेनिसिलिन अजिबात चालत नाहीं. मीं चार बोललों. तेही खोटे नव्हते. पण माझा सारा विश्वास त्या लाल शाईवर होता. ती शाई वाचणारें कोणी आहे कीं नाहीं, याचा विचार मीं केला नाहीं. सिस्टरचाही विश्वास असाच कशावर तरी असेल. दोघेही एका कागदावर विसंबलों, आणि तो कागद मात्र मागें टांचलेला राहिला.

वकील बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीनें यानें त्यांचें कर्तव्य टळत नाहीं. लिहिलेलें वाचणें हें त्यांचें काम. उलट तुम्हीं त्यांना त्या लिहिलेल्याकडेच बोट दाखविलें. पण प्रतिज्ञापत्रावर तुमची सही होणार आहे. त्यांत हें वाक्य येईल. तुम्ही त्यांच्याकडे पूर्ण हकीकत मागतां. मग आपलीही पूर्णच दिली पाहिजे."

मी कागद घेऊन घरीं आलों आणि महिनाभर त्यांच्याकडे फिरकलों नाहीं. दुसऱ्याची चूक सिद्ध करण्यासाठीं घेतलेली लाल शाई प्रथम आपल्याच वहींत वापरावी लागेल, ही कल्पना मला सहन होईना. मनांत शंभर युक्तिवाद आले. सिस्टरनें विचारलें होतें हें तिसऱ्या कोणाला ठाऊक आहे? ती तरी कशाला सांगेल? तिनें विचारलें असें म्हटलें कीं तिला तें माहीत नव्हतें हें उघड होतें! तें वाक्य गाळणें दोघांच्याही सोयीचें होतें. आणि इस्पितळाच्या त्या डॉक्टरांनीं 'हृदय बंद पडलें' म्हटलें तेव्हां त्यांनींही, सोयीचें तेवढेंच ठेवून बाकीचें गाळलें होतें. माझ्यांत आणि त्यांच्यांत मग अंतर काय उरलें?

२०२२ ची भाऊबीज २६ ऑक्टोबरला आली. या वेळीं मीच एस. टी. धरून नेवाशाला गेलों. दाजी ओट्यावर बसून दावें वळीत होते. त्यांच्या शेजारीं बसून मीं सारें सांगितलें. तें चार शब्दांचें वाक्यही सांगितलें. त्यांचे हात थांबले नाहींत. दाव्याचा पीळ पुरा करून, गांठ मारून त्यांनीं तें बाजूला ठेवलें आणि म्हणाले, "तुमची ताई म्हणायची, मास्तर निजला का ढोल वाजिवला तरी उठत न्हाई." थोड्या वेळानें ते म्हणाले, "तेबी लिहा कागदात."

जानेवारी २०२३ मध्यें जिल्हा ग्राहक आयोगापुढें आमची तक्रार दाखल झाली. तींत लाल शाईची ओळ आहे, कोरी चौकट आहे, पंचवीस मिनिटें आहेत, आणि माझें वाक्यही आहे. इस्पितळानें अपेक्षेप्रमाणें सारें नाकारलें. तारखा पडत गेल्या. आयोगाच्या व्हरांड्यांत बसून मीं किती चहा प्यालों याचा हिशेब नाहीं. निकाल अजून लागलेला नाहीं. तो आमच्यासारखा लागेलच अशी खात्री मला कोणी दिलेली नाहीं, आणि खोडव्यांच्या खटल्याची गोष्ट ऐकलेल्या माणसाला घाई करण्याचा अधिकारही नाहीं.

परंतु एक गोष्ट घडली. दीड वर्षानें त्या सिस्टरचें प्रतिज्ञापत्र आलें. तिनें तें इस्पितळ तोंपर्यंत सोडलेलें होतें. अर्ध्या पानाचा मजकूर. तिनें लिहिलें होतें कीं, मीं नातेवाइकांना विचारलें होतें, त्यांनीं 'लिहून दिलें आहे' असें सांगितलें, नव्या तक्त्यावर कांहीं लिहिलेलें नव्हतें, आणि मागचीं पानें मीं पाहिलीं नाहींत.

हें शेवटचें वाक्य तिला कोणी लिहावयास लावलें असेल असें मला वाटत नाहीं. त्या रात्रीं वरच्या मजल्यावर ती एकटीच होती. किती रुग्णांना ती पाहत होती हेंही त्याच कागदांत आहे, आणि आयोगानें तें वाचावें अशी माझी इच्छा आहे. तें अर्धें पान मीं दाजींना वाचून दाखविलें. त्यांनीं विचारलें, "पोरगी किती वर्षांची हाये?" मीं म्हटलें, "असेल पंचविशीची." ते म्हणाले, "तिच्यावर नका येऊ देऊ समदं." ताईनें २०२१ च्या भाऊबीजेला जो प्रश्न विचारला होता, त्याचें संपूर्ण उत्तर अजून मिळालेलें नाहीं. पण त्या उत्तरांतलीं दोन वाक्यें आतां कागदावर आलीं आहेत. एक तिचें, एक माझें. बाकीचीं ज्यांनीं लिहावयाचीं, त्यांची वाट आम्ही पाहत आहों.

या सर्व प्रकरणानें मला एक वाईट संवय लागली आहे. घरांतलें कोणीही दवाखान्यांत गेलें, कीं मी कागदावर विसंबत नाहीं. पहिल्या डॉक्टरला सांगतों, दुसऱ्याला सांगतों, रात्रपाळीच्या सिस्टरला सांगतों, खाट बदलली कीं पुन्हा सांगतों. लोक वैतागतात. परवां माझ्या पत्नीच्या मोतीबिंदूच्या वेळीं एक तरुण डॉक्टर हंसून म्हणाला, "काका, हें लिहिलेलें आहे." मीं म्हटलें, "असूं द्या. तुम्हीं वाचलें कीं नाहीं, तेवढें सांगा."

त्यानें पान उलटलें आणि वाचलें.